पूल उतरतो तिथलं काय?

उपमुख्यमंत्री आणि नगरविकास मंत्री मा. एकनाथ शिंदे यांना खुलं पत्र

मा. शिंदे साहेब,



रस्त्याची तक्रार नेमकी कुणाकडे करायची, हे शोधण्यातच ठाणे जिल्ह्यातल्या माणसाचा निम्मा उत्साह संपतो. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोचे खांब एमएमआरडीएचे, मूळ रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा म्हणून ओळखला जाणारा, कडेची गटारं ठाणे महापालिकेची आणि चौकात शिट्टी वाजवणारा माणूस वाहतूक पोलिसांचा. कल्याण-शीळ रस्ता एमएसआरडीसीने रुंद केला, त्याला येऊन मिळणाऱ्या गल्ल्या कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या, औद्योगिक वसाहतीतले रस्ते एमआयडीसीचे आणि रुळांवरून जाणाऱ्या पुलाचा मधला तुकडा रेल्वेचा. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर अर्ज जातो तोवर पावसाळा येऊन जातो.

हे पत्र लिहिताना मात्र पत्ता शोधावा लागला नाही. नगरविकास आपल्याकडे आहे, म्हणजे दोन्ही महापालिका आणि एमएमआरडीएचं अध्यक्षपदही. एमएसआरडीसी ज्या खात्याखाली येते ते खातं आपल्याकडे. ठाण्याचे पालकमंत्री आपण. उद्योग खातं आपल्याच पक्षाच्या मंत्र्यांकडे, आणि परिवहन मंत्री तर ओवळा-माजिवड्याचे आमदार, घोडबंदर रस्ता त्यांच्या मतदारसंघातूनच जातो. पोलिसांचा गृहविभाग तेवढा मुख्यमंत्र्यांकडे. या जिल्ह्याच्या रस्त्यांच्या इतक्या किल्ल्या एका खिशात यापूर्वी क्वचितच आल्या असतील. शिवाय आपण ठाण्यात रिक्षा चालवलेली आहे. ज्याने प्रवासी बसवून चौकात उजवीकडे वळण्यासाठी थांबायचा कंटाळा अनुभवलाय, त्याला पुढचं सगळं उलगडून सांगायची गरज नाही.

मागणी नव्या पुलाची नाही, हे आधीच सांगून टाकतो. पूल पुष्कळ झाले, पुष्कळ होताहेत. मला विचारायचंय ते पूल, बोगदे आणि उन्नत मार्ग जिथे संपतात त्या टोकांबद्दल, आणि त्या टोकांजवळ उभ्या राहणाऱ्या ऑफिसांच्या इमारतींबद्दल.

सुरुवात वागळे इस्टेटपासून करतो, कारण आपलं राजकारणही तिथूनच सुरू झालं. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिच्या सुरुवातीच्या वसाहतींत वागळे इस्टेटचं नाव अग्रभागी. तिथले नंबरचे रस्ते, रोड नंबर 16, 22, 28, आखले गेले ते कारखान्यांसाठी. कच्चा माल घेऊन ट्रक यायचा, पक्का माल घेऊन जायचा. कामगार यायचे ते पाळीने. पहिली पाळी सुटायची तेव्हा दुसरी आत शिरायची, आणि बहुतेक जण पायी, सायकलने किंवा बसने यायचे. भोंगा वाजला की गर्दी व्हायची, पण ती दिवसभरात वाटलेली असायची आणि माणूस रस्त्यावर जागा किती घ्यायचा? एका सायकलीएवढी.

कारखाने गेले. पोखरण रस्त्यावरची रेमंडची गिरणी बंद पडली, कोलशेत-बाळकुमच्या रासायनिक कंपन्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. नितीन कंपनी, गोल्डन डाइज ही नावं आता कंपन्यांपेक्षा सिग्नलची म्हणूनच लोकांना ठाऊक आहेत. कारखान्यांच्या प्लॉटवर आयटी पार्क झाले, आणि सरकारने आपल्या आयटी धोरणांतून त्यांना जादा एफएसआय दिला. त्याला माझा विरोध नाही. मुंबईला लोंबकळत जाण्यापेक्षा ठाण्यात काम मिळणं केव्हाही चांगलं. पण जमिनीवर इमारत चारपट झाली आणि रस्ता होता तेवढाच राहिला. दिवसभरात वाटलेली गर्दी सकाळी नऊ ते साडेदहा या दीड तासात कोंबली गेली, आणि सायकलीच्या जागी चारचाकी, ओला-उबर आणि शेअर रिक्षा आली. रस्ता 1962 च्या ट्रकसाठी आणि गाड्या आजच्या, त्याही एकाच वेळी. वागळेची कोंडी ही इथून येते. ती कुणाच्या बेशिस्तीतून आलेली नाही, म्हणून नुसत्या चलनांनी ती सुटणारही नाही.

आता चौकाचं गणित, थोडं कंटाळवाणं असलं तरी. दिवा सतत हिरवा असेल तर एका लेनमधून तासाला साधारण 1800 गाड्या सुटतात, असं वाहतूक अभियांत्रिकीची पुस्तकं धरून चालतात. समजा दोन मिनिटांच्या फेऱ्यात एका बाजूला चाळीस सेकंद हिरवा मिळतो. म्हणजे एक तृतीयांश वेळ, म्हणजे लेनमागे 600 गाड्या. तीन लेन असतील तर 1800. आता डाव्या लेनमध्ये सिग्नलच्या तोंडाशी रिक्षांची रांग, त्यामागे प्रवासी घ्यायला थांबलेली बस, त्यामागे कंपनीची मिनीबस. डावी लेन गेली. तीन लेनचा रस्ता दोन लेनचा झाला आणि 600 गाड्या हवेत विरल्या. मग आपले अभियंते रस्ता रुंद करायचा प्रस्ताव मांडतात. भूसंपादन, झाडं, न्यायालय, निविदा, आणि चौथी लेन. ती किती गाड्या देणार? त्याच 600. ज्या 600 गाड्या रिक्षा थांबा चौकापासून शंभर मीटर मागे नेऊन आणि बससाठी रस्त्याच्या बाहेर खाच काढून मिळाल्या असत्या.

आपल्याकडे लेन पाळली जात नाही, दुचाक्या फटींतून पुढे सरकतात, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, हे मान्य. पण तत्त्व बदलत नाही. रस्ता किती रुंद आहे यावर गाड्या सुटत नाहीत, चौकाच्या तोंडाशी किती रुंदी मोकळी आहे यावर सुटतात. मधला रस्ता सहापदरी करा नाहीतर आठपदरी, तोंड तेवढंच राहिलं तर रांगेची फक्त लांबी कमी होते आणि रुंदी वाढते.

याच हिशेबाने ऑफिसच्या गेटकडे बघा. इमारतीला परवानगी देताना आपले नियम बारकाईने मोजतात की आत पार्किंगच्या जागा किती. गेटवर काय होणार हे कुणी मोजत नाही. समजा एका बिझनेस पार्कमध्ये सकाळी नऊ ते दहा या तासात चारशे गाड्या येतात. गेटला एकच बॅरिअर, पहारेकरी ओळखपत्र बघतो, आरशाने गाडीखाली पाहतो, डिकी उघडायला लावतो. दहा सेकंद धरू, खरं तर जास्तच लागतात. तासाला 360 गाड्या आत जातात. उरलेल्या चाळीस बाहेर. गाडीमागे सहा मीटर धरले तर रस्त्यावर अडीचशे मीटरच्या आसपास रांग. ही रांग मागच्या चौकात पोचते आणि ज्यांचा त्या पार्कशी काडीचा संबंध नाही, ते अँब्युलन्सपासून शाळेच्या बसपर्यंत सगळे तिच्यात अडकतात. खासगी इमारतीची तपासणी सार्वजनिक रस्त्यावर चालते आणि त्याचं भाडं कुणी देत नाही.

यावर उपाय स्वस्त आहे, इतका की त्यात भूमिपूजनाचा मान कुणालाच मिळायचा नाही. बॅरिअर गेटपासून आत पन्नास मीटरवर न्या. एकाऐवजी दोन करा. गेट चौकाच्या कोपऱ्यावर नको, चौकापासून लांब, बाजूच्या रस्त्यावर काढा. टॅक्सीत चढण्या-उतरण्याची जागा इमारतीच्या हद्दीत ठेवा. कंपनीच्या बसना आत थांबू द्या. हे नव्या इमारतींच्या भोगवटा प्रमाणपत्राची अट म्हणून घाला आणि जुन्यांना मुदत द्या. यात सरकारी तिजोरीतून जवळजवळ काही जात नाही. एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली 2020 पासून राज्याच्या बहुतेक शहरांना लागू आहे. तीत इमारतीच्या जिन्याच्या पायरीची उंचीसुद्धा लिहिलेली असते, मग गेटबाहेरच्या रांगेसाठी एक कलम घालायला जागा नाही असं नाही.

श्रेय देण्यासारखंही आहे, ते दिलंच पाहिजे. कोपरीचा पूल. दोन्ही बाजूंना महामार्ग रुंद आणि मधे रेल्वेवर जुना अरुंद पूल, हे ठाणेकरांनी वर्षानुवर्षं सोसलं. आपण मुख्यमंत्री असताना फेब्रुवारी 2023 मध्ये आठपदरी कोपरी पूल पूर्ण खुला झाला. खऱ्या बाटलीच्या तोंडावर केलेलं ते काम होतं, आणि म्हणूनच त्याचा फरक लोकांना जाणवला. माझं म्हणणं एवढंच, की कोपरीचा धडा बाकी ठिकाणी लागू होत नाहीये.

घोडबंदरला बघा. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ इथे उड्डाणपूल झाले. ते उपयोगाचे आहेत, पण कुणाच्या? जेएनपीटीहून कळंबोली, शीळफाटा, मुंब्रा बायपास, माजिवडा अशी वाट धरून गुजरातेत जाणाऱ्या कंटेनरच्या. हिरानंदानी इस्टेटमध्ये टीसीएसच्या ऑलिंपसला जाणाऱ्या मुलीला पातलीपाड्याच्या पुलाचा काय उपयोग? तिला पुलाखालीच वळायचंय. आणि पुलाखालच्या चौकात सेवा रस्त्यावरून येणारा, सोसायटीतून निघणारा, रिक्षातून उतरून रस्ता ओलांडणारा आणि यू-टर्न घेणारा असे सगळे एकमेकांच्या आडवे येतात. पुलाने लांबचा प्रवासी वर उचलला, स्थानिकाला खाली जिथल्या तिथे सोडलं. गंमत म्हणजे पुलाचे खांब आणि उतार यांनी खालची जागा खाल्ली, त्यामुळे वळणाऱ्यासाठी पूर्वीपेक्षा कमी रुंदी उरली.

त्यात आता कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत सेवा रस्ते मुख्य रस्त्यात विलीन करण्याचं काम एमएमआरडीएने काढलं. कागदावर लेन वाढतात, हे खरं. पण सेवा रस्ता हा वाया गेलेला डांबराचा पट्टा नव्हता. सोसायटीतून निघून तीन इमारती पलीकडच्या दवाखान्यात जाणारा, मुलाला शाळेत सोडणारा, वाणसामान आणणारा, हा सगळा छोटा प्रवास तो पोटात घेत होता आणि महामार्गाच्या वाटेला जात नव्हता. सेवा रस्ता गेला की प्रत्येक सोसायटीचं, दुकानाचं आणि ऑफिसचं गेट थेट कंटेनरच्या रस्त्यावर उघडतं. वेगाने येणाऱ्याला दर पन्नास मीटरवर ब्रेक लावावा लागतो आणि बाहेर निघणाऱ्याला जीव मुठीत धरून घुसावं लागतं. वाढलेली लेन अशाने काही महिन्यांत थांबलेल्या गाड्यांची लेन होते. इथल्या रहिवाशांनी या कामाला विरोध केला तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हणून मोकळं होणं सोपं होतं. माझ्या मते ते अभियांत्रिकीच्या बाजूने बोलत होते.

आणि अजून मोठी गोष्ट पुढेच आहे. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा, सुमारे 12 किलोमीटरचा प्रकल्प, त्यातले दहा किलोमीटरहून जास्त राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून. जुलै 2024 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते सुरुवात झाली तेव्हा किंमत सांगितली गेली 16,600 कोटी. हा बोगदा ठाण्याच्या बाजूला टिकुजिनीवाडीजवळ, म्हणजे मानपाड्याच्या पाठीशी बाहेर पडतो. बोरिवलीहून काही मिनिटांत आलेली गाडी पहिल्यांदा ज्या सिग्नलला थांबेल तो मानपाड्याचा किंवा त्याच्या आसपासचा. त्या चौकाचं काय करायचं ठरलंय, हे ठाणेकराला ठाऊक आहे का? सोळा हजार कोटींच्या बोगद्याचं शेवटचं टोक, वळणाची लेन, पायी ओलांडायची वाट, बस थांबा, यांचा आराखडा चौकात फलकावर लावायला किती खर्च येतो?

असंच बाकीच्यांचं. पूर्व द्रुतगती मार्गावरचा ठाण्यापर्यंत वाढवला जाणारा उन्नत रस्ता आनंदनगरला उतरतो. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, 5 जून 2025 ला खुला झाला. नागपूरहून 701 किलोमीटर सुसाट आलेली गाडी आमण्याला उतरते आणि पुढे वडपे ते माजिवडा या साधारण 24 किलोमीटरच्या, वर्षानुवर्षं रुंदीकरण चाललेल्या रस्त्याला लागते. हे सगळे प्रवाह शेवटी माजिवड्याला आणि कापूरबावडीला एकमेकांना भेटतात. तिथे पूल एकावर एक आहेत, तरी खाली उतरून पोखरणकडे किंवा बाळकुमकडे जायचं म्हटलं की परत तोच चौक.

कल्याण-डोंबिवलीकडे वळतो, कारण तिकडची टोकं ठाण्याहून जास्त बोलकी आहेत, आणि मी राहतो तिकडेच.

डोंबिवली पश्चिमेला मोठागाव-माणकोली खाडीपूल खुला झाला. उल्हास खाडी ओलांडून मुंबई-नाशिक महामार्गाला लागायचं आणि ठाणे गाठायचं, यासाठी कल्याणच्या दुर्गाडीचा वळसा घ्यावा लागायचा, तो संपला. डोंबिवलीकरांनी तो पूल दशकभर वाट पाहून मिळवला. पण पूल उतरतो कुठे? डोंबिवली पश्चिमेच्या अरुंद रस्त्यांत, जिथे दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागे घ्यावं लागतं, आणि रेतीबंदरच्या रेल्वे फाटकाच्या तोंडाशी. वर्तुळाकार रस्त्याचा जो भाग या पुलाची गर्दी शहराबाहेरून वळवणार होता तो पुलाबरोबर तयार नव्हता. खाडीवर पाच मिनिटं वाचतात, ती फाटकाशी परत मोजून द्यावी लागतात.

डोंबिवलीकराला हे नवं नाही. कल्याणचा पत्रीपूल, 1914 चा, धोकादायक ठरल्याने नोव्हेंबर 2018 मध्ये पाडला. नवा उभा राहायला जानेवारी 2021 उजाडला. मधल्या काळात, सप्टेंबर 2019 ला, डोंबिवलीचा कोपर पूलही बंद झाला, तो सुरू झाला सप्टेंबर 2021 मध्ये. त्या जवळपास तीन वर्षांत लाखो लोकांनी नव्या वाटा शोधल्या, कुठे एकेरी रस्ते झाले, कुठे सिग्नलची वेळ बदलली, कुठे गल्लीचा मुख्य रस्ता झाला. शहराच्या वाहतुकीचा एवढा मोठा प्रयोग पैसे देऊनही करता आला नसता. त्याच्या नोंदी कुणी ठेवल्या? कुठल्या चौकाने जास्त गाड्या सोसल्या, कुठल्या गल्लीने दम तोडला, हे मोजून ठेवलं असतं तर आज प्रत्येक नव्या पुलाच्या टोकाला काय लागेल ते आधीच माहीत असतं.

कल्याण-शीळ रस्ता सहापदरी झाला. भिवंडी ते शीळफाटा जवळपास 21 किलोमीटर, काँक्रीटचा. टाटा नाका, सोनारपाडा, डोंबिवलीचा मानपाडा, काटई, पलावा, खिडकाळी असे चौक एकामागून एक येतात. रुंद रस्त्यावरून चौकात शिरताना मधेच जागा कमी होते, कारण कुठे जमिनीचा मोबदला रखडलाय म्हणून रुंदीकरण अर्धवट, कुठे मेट्रो 12 चे पत्रे. कल्याण ते तळोजा ही मेट्रो, 20 किलोमीटरहून थोडी जास्त, याच रस्त्याच्या डोक्यावरून येतेय. पलाव्याला रेल्वेमार्गावरचा पूल जुलै 2025 मध्ये उद्घाटनानंतर काही तासांतच बंद करून डागडुजी करावी लागली, दुचाक्या घसरल्या म्हणून. त्याबद्दल पुरेसं लिहून झालंय, मी पुन्हा उगाळत नाही. मला त्या प्रसंगापेक्षा काटईची चिंता जास्त आहे.

काटई नाक्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा, साहेब. इथून कल्याण-शीळ रस्ता जातो. इथून बदलापूरकडचा रस्ता फुटतो. मेट्रो 12 इथून जाणार. ऐरोली-काटई मार्ग, 12 किलोमीटरहून थोडा जास्त, पारसिकच्या डोंगरातून बोगदा काढून, नावाप्रमाणे इथेच संपणार. बाजूला पलावा, जिथे आजच एका गावाएवढी नव्हे, एका शहराएवढी माणसं राहतात. आणि या सगळ्याच्या मधोमध एमएमआरडीएने आखलेलं कल्याण ग्रोथ सेंटर: निळजे, काटई, घेसर, हेदुटणे धरून दहा गावांची 1,089 हेक्टर जमीन, त्यात ऑफिसं आणि व्यापारी संकुलं उभी राहणार. ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये आज जे डोंबिवलीकर जातात त्यांना घराजवळ नोकरी मिळावी, ही कल्पना मला मनापासून पटते. पण वागळेला जे साठ वर्षांत हळूहळू घडलं ते काटईला दहा वर्षांत घडणार आहे. वागळेला आपल्याला आधीच्या पिढीने आखलेले रस्ते मिळाले होते, त्यांना दोष तरी देता आला. काटईला दोष द्यायला कुणी नसेल.

ऐरोलीचं निघालं म्हणून सांगतो. रस्त्यावरची गर्दी सगळीच रस्त्यामुळे होत नाही. डोंबिवलीहून नवी मुंबईला लोकलने जायचं तर ठाण्याला उतरून गाडी बदलावी लागते, आणि ठाण्याच्या पुलावरची ती चेंगराचेंगरी टाळायला जो परवडेल तो दुचाकी काढतो आणि शीळफाट्याला लागतो. कळवा-ऐरोली उन्नत रेल्वेजोडणी झाली तर कल्याणहून थेट नवी मुंबईची लोकल सुटू शकेल. मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या एमयूटीपी 3 योजनेतला हा प्रकल्प. त्यातलं दिघा गाव स्थानक जानेवारी 2024 ला सुरू झालं, पण मुख्य मार्ग, आठेक किलोमीटरचा, झोपड्यांच्या पुनर्वसनात अडकला. पुनर्वसन हा राज्याचा विषय आहे. शीळफाट्याच्या पुलांवर जेवढी ताकद लागली तिच्या चौथाईइतकी ताकद इथे लावली असती, तर शीळफाट्यावरच्या कितीतरी दुचाक्या घरीच राहिल्या असत्या.

माझ्याच म्हणण्यावर एक आक्षेप मला माहीत आहे. चौक मोकळा केला की मोकळा चौक बघून आणखी गाड्या येतात आणि पुन्हा तेच. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने हे 1962 मध्येच मांडलं होतं, योगायोगाने एमआयडीसीच्या जन्माच्या वर्षी: गर्दीच्या वेळेचा शहरी द्रुतमार्ग कितीही वाढवला तरी गर्दी त्याच्या क्षमतेला जाऊन भिडते. पुण्याजवळच्या हिंजवडीने हे आपल्या डोळ्यांसमोर दाखवलं. 2018 मध्ये पोलिसांनी शिवाजी चौकात चक्राकार एकेरी वाहतूक सुरू केली, खर्च जवळपास बॅरिकेडपुरता, आणि लोकांना खरोखर सुटल्यासारखं वाटलं. मग इमारती वाढत राहिल्या, बस वाढल्या नाहीत, आणि कोंडी परतली. पुण्याच्याच चांदणी चौकात 2022 मध्ये जुना पूल स्फोटाने पाडला, 2023 मध्ये नवं जाळं खुलं झालं, गाड्यांची सोय झाली, पण पायी रस्ता ओलांडणाऱ्याची सोय करायची राहून गेली.

म्हणून नुसता चौक सुधारा असं मी म्हणत नाही. चौकात मोकळी केलेली जागा आधी बसला आणि पायी चालणाऱ्याला द्या, मग गाडीला. ठाण्याच्या टीएमटीला आणि आमच्या केडीएमटीला बिझनेस पार्कांच्या गेटपर्यंत जाणाऱ्या फेऱ्या द्या, चौकात बससाठी वेगळी लेन द्या, मग बघा किती जण गाडी घरी ठेवतात. ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोला केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली. 29 किलोमीटर, 22 स्थानकं, 12,200 कोटी. वागळेचा रोड नंबर 22, हिरानंदानी इस्टेट, कोलशेत अशी ऑफिसांजवळून ती जाणार. मेट्रोतून उतरल्यावर ऑफिसच्या गेटपर्यंत शेवटचे पाचशे मीटर चालायला पदपथ आहे का, हे आज बघायला हवं, कारण पदपथ नसेल तर तो माणूस रिक्षा करेल आणि ती रिक्षा पुन्हा त्याच डाव्या लेनमध्ये उभी राहील.

आणि कंपन्यांनाही थोडं बोलावं. मध्य रेल्वेने नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्याच मुख्यालयातल्या कर्मचाऱ्यांच्या वेळा दोन भागांत वाटल्या, बाकीच्या संस्थांनाही तसं करायची विनंती केली. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून माणसं गेली, तेव्हा वेळा बदलण्याची चर्चा पुन्हा झाली आणि पुन्हा थंडावली. विनंतीने हे होत नाही. जादा एफएसआय घेणाऱ्या पार्कला वेळा वाटून घ्यायची अट घालता येते, कारण देणारं सरकार आहे.

पैशाचं म्हणाल तर ठाण्यात घर घेणाऱ्याकडून 2022 पासून मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो उपकर घेतला जातो. विकासशुल्क आहे, एफएसआयचं अधिमूल्य आहे. या पैशातला लहानसा हिस्सा फक्त चौकांसाठी बांधून ठेवा, आणि तो खर्च करायचा अधिकार एमएमआरडीए, दोन्ही महापालिका, एमएसआरडीसी, एमआयडीसी आणि पोलीस यांच्या एका छोट्या पथकाला द्या. त्याचा प्रमुख एकच, निर्णय त्याचा, आणि महिन्याकाठी एक चौक पूर्ण करायचा. कुठून सुरू करायचं तेही सुचवतो: वागळेचा रोड नंबर 16, पातलीपाडा, डोंबिवलीचा मानपाडा चौक. तिथे आधी गाड्या आणि पायी चालणारे मोजा, काम करा, सहा महिन्यांनी परत मोजा, आणि दोन्ही आकडे चौकातच लावा. आकडे वाईट आले तरी लावा.

काटईचं मात्र थांबता येणार नाही. तिथल्या चारही कामांचा एकच नकाशा, मराठीत, कल्याण-डोंबिवली महापालिकेत आणि पलाव्याच्या बाहेर लावायला सांगा. त्यात ऐरोलीचा मार्ग नेमका कुठे उतरतो, मेट्रोचा खांब कुठे येतो, बस कुठे थांबते आणि घेसरच्या शाळेतलं पोर रस्ता कुठून ओलांडतं, एवढं दिसलं पाहिजे. नकाशा लागला की कळवा. हरकती घेऊन येणाऱ्यांची रांग लागेल, आणि ती आम्ही पदपथावर लावू, काटईला तेवढा पदपथ सापडला तर.

कळावे,

आपला,
एक डोंबिवलीकर